हा प्लग मधात कोनं खोलला होता?

अन्याय शालिकराम मिस्त्रींवर झाला. कधी, तेही सांगते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, सानगडीच्या बाजारचौकात. पाहिला कोणी? पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जे जे उभे होते त्या सगळ्यांनी. अडवला कोणी? कोणीच नाही.

शालिककाका, माझी सुरुवात अशीच असते हे तुम्हाला पाठ आहे. कोणावर, कधी, कुठं, आणि मग जबाबदार कोण. गावतळं वाचवायला काढलेल्या आमच्या बोडी बचाव समितीचं प्रत्येक पत्रक मी असंच लिहिलं, आणि त्या गुलाबी कागदांच्या घड्या तुमच्याच गाडीदुरुस्तीच्या दुकानाच्या बाकावर बसून घातल्या. तुम्ही त्यातला एक उचलायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे, दोन ओळी वाचायचे आणि त्यालाच हात पुसायचे.

"काका, पूर्ण वाचा ना!"

"वाचलं वो माय. मस्त आहे. ग्रीस तं लयच मस्त पुसल्या जाते."

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलून राहिलेत. तुमच्या अंगणात बसून, तुमच्या घरचा चहा पिऊन बोलतात. "चांगला मिस्त्री होता. शेवटी शेवटी हात गेला बिचाऱ्याचा." हे वाक्य मी त्या अंगणात तीनदा ऐकलं, तीन वेगवेगळ्या तोंडांतून, आणि तिन्ही वेळा कपाकडं बघत बसले.

तुमचा हात गेला नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत गेला नव्हता. हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला माहीत नाही. ते का माहीत आहे, हे लिहायला मला पोळ्यापासून धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, होईपर्यंत वेळ लागला. तोवर तुम्ही निघून गेलात.

त्या सकाळी आमच्या समितीचे अध्यक्ष भास्करराव नातीला घेऊन गाडीवरून चौकात आले. खताच्या दुकानाचे मालक, शब्दाचे खरे, तोंडाचे तिखट. टाकीवर नात बसलेली, तिच्या मांडीवर तान्ह्या पोळ्यात मिरवायचा लाकडी नंदी, शिंगांना बेगड लावलेली. तुमच्या दुकानापासून वीस पावलांवर गाडीतून ‘फट्ट’ असा आवाज निघाला. बंदूक उडावी तसा. पोरगी किंचाळली, नंदी खाली पडला, त्याचं एक शिंग मोडलं. इंजिनाच्या डोक्यातला स्पार्क प्लग उडून बाहेर आला होता आणि वायरीला लोंबत होता. प्लग ज्या आट्यांत आवळला जातो, ज्यांना तुम्ही चुडी म्हणायचे, ते आटेच सोलून निघाले होते.

भास्कररावांनी गाडी ढकलत तुमच्यासमोर आणली.

"शालिक! आठ दिस नाही झाले तुया सर्व्हिसिंगले. डोये फुटले का तुये? का हातच गेला आता? लेकराच्या तोंडावर उडला असता तं?"

कोणीतरी हसलं. हसणं चौकात पसरायला वेळ लागत नाही.

तुम्ही लोंबणारा प्लग हातात घेतला, वरची रबरी टोपी ओढून काढली, तिच्यात पाहिलं. मग टोपीतून काहीतरी बोटांनी काढून मूठ बंद केली आणि मूठ खिशात घातली. वाकून प्लगच्या भोकात एका डोळ्यानं बघितलं. उभे राहिलात आणि विचारलं, "हा प्लग मधात कोनं खोलला होता?"

"कोण खोलते? तुयाशिवाय कोण हात लावते त्याले?"

तुम्ही उत्तराची वाट पाहत सगळ्यांकडं पाहिलं. पानठेल्याकडं, गिरणीकडं, भाजीवाल्यांकडं. मी पिंपळाखाली उभी होते, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन, तुमच्यापासून दहा पावलांवर. तुम्ही मला सोडून सगळ्यांकडं पाहिलं.

तो प्लग मी खोलला होता.

पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. भास्कररावांची गाडी मागून घेऊन मी साकोलीहून पत्रकं छापून आणत होते. गावाच्या बोडीत मुरूम टाकून प्लॉट पाडायचं चाललं होतं, आणि संध्याकाळी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आमची सभा होती. सानगडी पाच-सहा किलोमीटर राहिली असताना गाडी झटके द्यायला लागली आणि बंद झाली. प्लगवर काजळी धरली असणार, एवढं मला कळत होतं. तुमच्याच बाकावर बसून कळलं होतं.

गरम इंजिनाचा प्लग खोलायचा नाही, हेही त्याच बाकावर ऐकलं होतं. "हेड अल्युमिनचं असते, पोरी. गरम असताना नरम. पोराच्या टाळूवानी. गार होऊ दे, चहा पी, मंग हात लाव." आणि लावताना आधी पाना घ्यायचा नाही. प्लग बोटांनी भोकात ठेवायचा आणि पहिल्यांदा उलटा फिरवायचा, खोलतो तसा. कुठंतरी बोटाला ‘टक्’ असं लागतं, आटे एकमेकांत उतरतात. मग सुलटा. तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले, तरच पान्याला हात. नाही गेले, तर काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही चाळीस वर्षं असंच केलं. कोणी घाई केली तर त्यालाच बोटानं फिरवायला लावायचे. भीमजयंतीच्या रॅलीच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या गाड्या तुमच्या दारात रांगेत असायच्या, पोरं ओरडत असायची, तरी प्रत्येक प्लग आधी उलटा फिरायचा.

मी चहा प्याले नाही. मला सभा होती, मला गाव वाचवायचं होतं. गरम प्लग फडकं धरून खोलला, नव्या कोऱ्या पत्रकाला पुसला आणि भोकात ठेवून थेट पाना लावला. एका फेऱ्यातच जड झाला. जड जातो म्हणजे वाकडा जातो, हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, घट्ट बसून राहिला. पान्याच्या दांडीवर पाय दिला. आत काहीतरी करकरलं, पायाला जाणवलं. टोपी सैल वाटली म्हणून पत्रकाचा एक तुकडा फाडून, घडी करून तिच्यात कोंबला. गाडी सुरू झाली. सभा जोरात झाली. मी सगळ्यात मोठ्यानं बोलले.

गाडी परत देताना भास्कररावांना एक शब्द सांगितला नाही.

काका, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी दुकानात आले ते सांगायलाच आले होते. खरंच. तुम्ही आणि मंदाताई गाडीवर वाकले होतात. तुमची लेक मंदाताई कोंढ्याच्या सासरहून परत आली आणि चुलीकडं न जाता पान्याकडं गेली, तेव्हा गावानं तुम्हाला काय काय ऐकवलं होतं, ते मला आठवतं. "पोरगी कोंढ्याले दिली होती, गॅरेजले नाही," असं तुमचा सख्खा भाऊ म्हणाला होता. तुम्ही म्हणाला होतात, "तिचा हात मायापेक्षा हलका आहे. तुले गाडी दाखवाची असन तं लाईनीत लाव."

त्या दुपारी मंदाताईनं इंजिनाचं हेड खोलून बाकावर ठेवलं. बाकीचे मिस्त्री हेड न खोलताच आटे पाडतात, मग अल्युमिनचा कीस सिलिंडरमध्ये पडतो आणि गाडी सहा महिन्यांत धूर ओकते. तुम्ही टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरलं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. थांबायचं, काढायचं, ग्रीसमध्ये रुतलेला चमकता कीस पुसायचा, पुन्हा ग्रीस भरायचं. मी तुमच्या हातांकडं बघत होते. थरथर नव्हती. एका फेऱ्यातही नव्हती. सकाळी सगळ्या गावासमोर ज्या हाताची इज्जत काढली, तो हात दुपारी केसाइतकंही चुकत नव्हता. मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आवाज निघाला, पण काय निघालं?

"काका, तुम्ही गप्प का बसलात? आपण पत्रक काढू. भास्करराव अध्यक्ष असले म्हणून काय झालं? कष्टकऱ्याचा भर चौकात अपमान, याला जबाबदार कोण? मी आजच लिहिते."

मंदाताईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी बाकाची कड धरली. तुम्ही मात्र टॅपवरून नजर काढली नाहीत.

"जबाबदारात नाव कोनाचं टाकशीन?"

"भास्कररावांचं."

"हं," तुम्ही म्हणालात. "टाकजो."

आपलं जुनं भांडण तुम्हाला आठवलं असेल का तेव्हा? मला आठवलं. उन्हाळ्यात मी तुमच्यावर चिडले होते, तुम्ही बोडीच्या मोर्चाला आला नाहीत म्हणून. म्हटलं, तुम्हाला फक्त नटबोल्ट दिसतात, अन्याय दिसत नाही. तुम्ही सायकलच्या चेनला तेल सोडत म्हणाला होतात, "दिसते वो. पण तुमच्या कागदात सगळे दुसरेच असतात. तुमी चुकले का कधी? तसा एखादा कागद काढ. मी सोता चौकात वाचतो, चष्मा लावून, पूर्णच्या पूर्ण." मी म्हटलं, हे पळवाटीचं बोलणं आहे. लढाईत स्वतःच्या चुका सांगत बसलं तर समोरचा जिंकतो. तुम्ही म्हणालात, "असन. मले लढाई नाई समजत. चुडी समजते." मला ते इतकं लागलं की दोन दिवस मी दुकानात फिरकले नाही. ते भांडण मिटलं नाही. मी जिंकले असंच मी धरून होते.

तुम्ही मोठ्या झालेल्या भोकात नवा बुश बसवला. बाहेरून जाड आटे, आतून प्लगच्या मापाचे. साकोलीच्या लेथवाल्याकडून करून आणलेले असे बुश तुमच्या डब्यात नेहमी असायचे. त्याचं तोंड हेडच्या बरोबरीत आलं का, ते नखानं तपासलं. "आता हे पहिल्यापेक्षा मजबूत," तुम्ही म्हणालात. "पण पहिलं नाई."

मग नवा प्लग माझ्या हातात दिलात.

"घे. तू लाव."

मी भोकात ठेवला. उलटा फिरवला. टक् लागलं. सुलटा. एक, दोन, तीन. तुम्ही माझ्या बोटांकडं बघत होतात. मंदाताई पाठ करून पाने पुसत होती.

"येते तं तुले," तुम्ही म्हणालात. मग खूप वेळ थांबलात.

त्या थांबण्यात मी बोलायला पाहिजे होतं. एवढी मोठी जागा मला कोणीच कधी दिली नव्हती. मी तिला माफी समजले. हलकी होऊन घरी गेले, जेवले, दुसऱ्या दिवशी बोडीवर घोषणा द्यायला हजर झाले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीच गोष्ट तो प्लग नाही. तो हलकेपणा आहे.

भास्कररावांनी गाडी नेली आणि गोष्ट गावभर नेली. आधी शाळेतल्या मास्तरांच्या गाड्या तुमच्याकडं यायच्या बंद झाल्या, मग दूधवाल्यांच्या. पवनी रस्त्यावरच्या नव्या गॅरेजपुढं रांग लागली. तुमच्या दारातल्या कडुलिंबाखाली तेलाचे काळे डाग तेवढे राहिले. मी आत यायचं सोडलं. रस्त्यावरून जाताना तुम्ही आतून हात वर करायचे. मी घाईत असल्यासारखी मान हलवायचे. त्या दिवसांत मी इतकी घाईत का असते, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायला पाहिजे होतं, काका. एकदा खडसावून विचारलं असतं, तर मी बोलले असते. बघा, अजूनही मी तुमच्यावरच ढकलून राहिले.

तुमचं हृदय दोन वर्षांपासून खराब होतं, हे मला मंदाताईनं सांगितलं. तुमचं मरण ती माझ्यावर टाकत नाही, आणि मीही खोटं रडून ते अंगावर घेत नाही. पण तान्ह्या पोळ्यापासून त्या शेवटच्या सकाळपर्यंतचा प्रत्येक दिवस माझ्याकडं आहे. तुम्ही दुकान उघडून बसलात आणि कोणी आलं नाही, असा प्रत्येक दिवस.

परवा मंदाताईनं मला दुकानात बोलावलं. एक जुनी बिस्किटाची डबी पुढं केली.

"बाबानं ठेवली होती. म्हणे, जिचं आहे ते येईन, तवा देजो. तू आली नाई. मीच देऊन राहिली."

डबीत तो प्लग होता. त्याच्या आट्यांत हेडचा सोललेला अल्युमिनियम स्प्रिंगसारखा गुंडाळून बसलेला. आणि त्याखाली, तेलानं पारदर्शक झालेला, चार घड्यांचा गुलाबी कागद. मी तो उजेडाकडं धरून वाचायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकही अक्षर लागत नाही. रंग तेवढा राहिला आहे, आणि त्या रंगाचा कागद या गावात एकटी मी वापरते.

म्हणजे चौकातच तुम्हाला कळलं होतं. मूठ उघडली असती तर तिथंच सुटला असतात. तुम्ही मूठ खिशात घातली आणि प्रश्न विचारला. उत्तर हातात असताना विचारला.

मी मंदाताईला सगळं सांगितलं. रडले. तिनं पाना खाली ठेवला नाही.

"मले काहून सांगून राहिली? मले त्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"बाबानं बोलू नाही दिलं. म्हणे, तिले तोंड आहे." मग ती म्हणाली, "लोक म्हणून राहिले, बापाचाच हात गेला होता, तं पोरीनं का शिकलं असन? सोमवारी दुकान उघडून राहिली मी. एक गाडी नाही येनार, मले माहीत आहे. मायासमोर नको रडू. चौकाले सांग."

काल भास्कररावांकडं गेले. ऐकून ते खताच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "म्या लय बोललो रे बा त्याले." आणि थोड्या वेळानं, "पण कागद नको काढू, सुजाता. बोडीचं होऊ दे आधी. हे मुरूमवाले तुयाच कागद घेऊन नाचतीन. म्हणतीन, पाहा यायची खरी मानसं."

नाचू द्या. बोडी गावाची आहे, माझ्या खरेपणावर तिचं पाणी अडलेलं नाही. पण मंदाताईचं दुकान माझ्या खोटेपणावर बंद आहे.

काका, तो प्लग आता माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. पत्रकात मी ‘कोण’ लिहायला लागले की तो तिथं असतो. रस्त्यानं एखादी गाडी झटके देत गेली की माझा उजवा पाय आपोआप ताठ होतो, दांडीवर ठेवल्यासारखा, आणि तळव्याला ती करकर पुन्हा जाणवते. भर दुपारी, माणसांत बसलेली असताना तुमचा आवाज येतो. रागाचा नसतो. तीच तर अडचण आहे. तुम्ही नुसतं विचारता, गिऱ्हाईकाला विचारावं तसं, आणि मला सोडून सगळ्यांकडं बघता.

इकडं बघा, काका. मी खोलला होता.

तुमच्याशी बोलणं संपलं नाही, पण आता मला वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

हे त्याच गुलाबी कागदावर छापलं आहे. याला जबाबदार: सुजाता, बोडी बचाव समिती, सानगडी. दुसरं कोणी नाही. शालिककाका म्हणाले होते की असा कागद काढशील तर मी स्वतः चौकात वाचीन. ते नाहीत, म्हणून ते काम तुमच्यावर आलं आहे. ‘हात गेला’ हे तुम्ही जिथं ऐकलं, जिथं हसलात, जिथं पुढं सांगितलं, तिथंच उभं राहून हा कागद मोठ्यानं वाचा, पूर्णच्या पूर्ण. माझं नाव येईल तिथं आवाज खाली आणू नका. मग सोमवारी तुमची गाडी मंदाताईच्या दारात लावा, आणि प्लग आधी उलटा फिरतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.